दिवाळीच्या आवरासावरीतले ३१२ किलो

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज मीच टाकला होता. "रविवारी सकाळी नऊ वाजता गाडी येईल. जुने पण चांगले कपडे, चादरी, ब्लँकेट, चपला स्वच्छ करून खाली आणून ठेवाव्यात. गडचिरोली आणि मेळघाटातल्या गरजूंसाठी." खाली माझं नाव आणि 'सचिव' हे पद. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट आहेत. त्यातल्या बावीस घरांनी कपडे दिले. त्यांतल्या कुणीही त्या संस्थेचं नाव आधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर दिले. पुढचं वर्षभर मी जी पायपीट केली ती याच एका कारणासाठी.

ही २०२३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दिवाळी नोव्हेंबरात होती आणि घरोघरी आवरासावर सुरू झाली होती. शिवाय २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे चिखल. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण आमच्यातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या भागात होतं. देण्याची इच्छा मनात ताजी होती. अशा वेळी गेटवर पत्रक आलं. वर मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक, शाळेच्या गणवेशातल्या मुलांचा फोटो आणि एक मोबाईल नंबर. मी फोन केला. पलीकडचा मुलगा इतका अदबीने बोलला की मी लगेच तारीख ठरवली.

लोकांनी काय काय दिलं ते मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून लिहिते. तळमजल्यावरच्या काकूंनी काकांचे स्वेटर धुऊन, इस्त्री करून दिले. काका जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तोवर त्यांनी ते कपाट उघडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेने बाळाची झबली दिली आणि त्यासोबत बाजारातून आणलेली दोन कोरी टोपडी ठेवली, "जुनंच कसं द्यायचं" म्हणून. एका आजींनी शर्टांना तुटलेली बटणं लावायला मला थांबवून ठेवलं. भंगार काढताना माणसं असं वागत नाहीत.

रविवारी छोटा हत्ती आला. दोन मुलं, अंगावर संस्थेचं नाव छापलेले टी-शर्ट. त्यांनी गठ्ठे बांधले, लटकत्या काट्यावर तोलले आणि माझ्यासमोर सहीसाठी चलान धरलं.

मी पंचवीस वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळले आहेत. कागद हातात आला की आधी डोकं वाचते, मग आकडा. डोक्यावर संस्थेचं नाव नव्हतं. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली तिचा जीएसटी क्रमांक. मालाचं वर्णन 'जुने कपडे, मिक्स'. वजन ३१२ किलो. त्याच्या शेजारच्या रकान्यात ६३०९. हा जीएसटीतला वापरलेल्या कपड्यांचा कोड. वाटायला नेलेल्या कपड्यांवर हा कोड कुणी कशाला टाकेल, असं मनात आलं. मी विचारलं, "ही कंपनी कोणती?"

"ते आमचंच आहे न जी, मॅडम. संस्था आन् आम्ही एकच."

मी सही केली. गाडी भरून झाली होती, खाली पंधरा माणसं उभी होती, मला तिथे वाद नको वाटला. चलानाची दुसरी प्रत मात्र मागून घेतली.

त्या रात्री कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून पाहिलं. ही माहिती कुणालाही पाहता येते आणि ती पाहायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं माझं मत आहे. कंपनी कायद्यातल्या कलम ८ खाली धर्मादाय कामासाठी ना-नफा कंपनी काढता येते. ही तशी नव्हती. साधी, नफ्यासाठी काढलेली कंपनी होती. पत्रकावरचा मोबाईल नंबर तिचाच होता. त्या नंबरवर मी तीन वेळा बोलले. पहिल्यांदा उत्तर मिळालं की कपडे गडचिरोलीला गेले. दुसऱ्यांदा, की अजून छाननी सुरू आहे. तिसऱ्यांदा एक 'सर' फोनवर आले आणि म्हणाले, "मॅडम, दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर माझ्याबद्दल गैरसमज होईल. जुने कपडे विकण्यात मला काहीही गैर वाटत नाही. पूर आल्यावर आम्ही काही जण डागा लेआउटकडे मदतीला गेलो होतो. तिथे एका मंगल कार्यालयात कपड्यांचा ढीग छताकडे निघाला होता आणि लोकांना हवी होती कोरडी गादी, गॅस शेगडी, झाडू, फिनाईल. लग्नातले शेरवानी-घागरे पुरात बसलेल्या माणसाच्या काय कामाचे? दिलेली प्रत्येक वस्तू गरजूच्या अंगावर जाते ही समजूत खोटी आहे आणि ती जाऊही नये. जुन्या कपड्यांचा मोठा धंदा या देशात आहेच. चांगलं निवडून बाजारात विकतात. लोकरीचं पानिपतला जातं, तिथे त्याचं पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेट विणतात. सुती फाटकं कारखान्यात यंत्रं पुसायला लागतं. आमच्याच कारखान्यात दर महिन्याला चिंध्यांचं पोतं यायचं, त्याचं बिल मीच पास करायचे.

आणि लहानपणी दारात बोहारीण यायची की! डोक्यावर भांड्यांची टोपली. आई तीन साड्या आणि बाबांची एक पँट पुढे ठेवायची, बोहारीण पँट उलटीसुलटी करून पाहायची, पातेल्याऐवजी डबा दाखवायची. तासभर घासाघीस चालायची. दोघींना ठाऊक असायचं की तो व्यवहार आहे. बोहारणीने कधी अनाथ मुलांचा फोटो दाखवून साडी मागितली नाही. आमच्या दारात जे झालं त्यात हाच फरक होता.

मग मी संस्थेच्या पत्त्यावर गेले. पूर्व नागपुरात, जुन्या वस्तीतल्या एका घराचा पुढचा भाग. खाली मुलींचा शिवणवर्ग, वर अभ्यासिका. मी पोचले तेव्हा दुपार होती, अभ्यासिकेत अकरा मुलं मान खाली घालून वाचत होती आणि पंख्याचा तेवढा आवाज. मी भांडायच्या तयारीने गेले होते. संस्थेचे सचिव सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी पाणी दिलं, चलान हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "हो जी. आमचा करार आहे त्यांच्याशी." काहीही लपवलं नाही.

करार त्यांनी कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. शंभराच्या स्टँपपेपरवर दोन पानं. कंपनीने संस्थेचं नाव, बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक वापरायचा. गोळा झालेला माल गोळा होताक्षणी कंपनीच्या मालकीचा. संस्थेला किलोमागे दीड रुपया, महिन्याच्या हिशेबावर. वजन कोण तपासणार याबद्दल एक ओळ नाही. देणाऱ्याला काय सांगायचं याबद्दल एक शब्द नाही.

"दीड रुपया?" मी विचारलं.

"मॅडम, आधी शून्य होता," ते म्हणाले. "या पैशातून शिवणवर्गाच्या बाईंचं मानधन निघते. मी काय करू सांगा? मेळघाटात जीन्स पाठवू? गाडीभाडं कोण देईल? आमच्याकडे गोडाऊन नाही, माणसं नाहीत. हे लोक येऊन म्हणाले, तुमचं फक्त नाव द्या."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना वर्धमाननगरच्या सिग्नलला गाडी बंद पडली तरी मी त्यांच्याच वाक्यांचा विचार करत होते. त्या माणसाने एक पैसा खाल्लेला नव्हता. त्याच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती, तीस वर्षांचं संस्थेचं चांगलं नाव. ते त्याने भाड्याने दिलं होतं, आणि ते किती मोलाचं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची पायरी धर्मादाय सहआयुक्त कार्यालय. संस्थेचे कागद तिथे असतात आणि नक्कल अर्ज करून, कोर्ट फी स्टँप लावून ते मिळतात. मला दोन गोष्टी हव्या होत्या: परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे विश्वस्त कोण ते कळतं, आणि लेखापरीक्षित हिशेब. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला ताळेबंद परिशिष्ट ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्च परिशिष्ट ९ मध्ये द्यावा लागतो. नकला हातात आल्यावर मी घरी जेवणाच्या टेबलावर पसरल्या. परिशिष्ट ९, उत्पन्नाची बाजू, अगदी खाली: 'इतर उत्पन्न ४६,५००'. बस्स. कशाचं, कुणाकडून, काही नाही.

दीड रुपयाने भागलं की ३१,००० किलो येतात. एकतीस टन कपडे नागपूरकरांनी त्या संस्थेच्या नावावर वर्षभरात दिले होते आणि संस्थेच्या हिशेबात ते 'इतर' या एका शब्दात बसले होते. रोख देणगी असती तर पावती फाटली असती. पैसे दिले की देणगीदाराला आयकरात सवलत (तेव्हाच्या कायद्यात कलम ८०जी) हवी असते, त्यासाठी संस्थेला आयकर विभागाकडे देणगीदारांची यादी भरावी लागते, देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोन हजारांवर रोख दिली तर सवलतच मिळत नाही. एवढे पहारे पैशावर. वस्तूरूपातल्या देणगीला ही सवलत लागूच नाही, म्हणून कुणी पावती मागत नाही, म्हणून कुणी देत नाही, म्हणून कुठेच नोंद होत नाही. एकतीस टन माल या फटीतून निघून गेला.

गांधीबागेत माझ्या भावाचे एक ओळखीचे चिंधीचे व्यापारी आहेत. त्यांना न निवडलेल्या मालाचा भाव विचारला. त्यांनी सांगितलेला सगळ्यात खालचा भावसुद्धा दीड रुपयाच्या कितीतरी पट होता. छाननी, भाडं, मजुरी हे सगळं कंपनीला लागतं, हे मला मान्य आहे. हिशेब करणारी बाई आहे मी, खर्च मला कळतो. पण तो खर्च आणि नफा किती, हे देणाऱ्याला कळायला नको?

मग तक्रार कुठे करायची हा शोध सुरू झाला. यात तीन महिने गेले, ते थोडक्यात सांगते. पोलीस ठाण्यात मला विचारलं गेलं, "तुमचं नुकसान किती झालं?" फसवणुकीच्या गुन्ह्यात माझं काय गेलं हे दाखवावं लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि मी तर द्यायचंच म्हणून दिलं होतं. ग्राहक चळवळीत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले की मी ग्राहकही नाही, कारण मी काही विकत घेतलं नाही, मोबदला दिला नाही. धर्मादाय कार्यालयात टेबलावरच्या ताईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "संस्थेविरुद्ध तक्रार असेल तर घेते. कंपनी आमच्याकडे नोंदलेली नसते."

धर्मादाय संस्थांच्या त्याच १९५० च्या कायद्यातलं कलम ४१-क मला गणपतीमुळे ठाऊक होतं. आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी वर्गणीसाठी त्या कलमाखाली परवानगी घेतं. सांगायची गोष्ट म्हणजे दहा दिवसांच्या गणपतीसाठी पन्नास-शंभर रुपये मागणाऱ्या पोरांनासुद्धा परवानगी घ्यावी लागते, नंतर हिशेब द्यावा लागतो. ओळखीच्या वकील मॅडमना विचारलं, हेच कलम कंपनीला का लागू होणार नाही? त्यांचं म्हणणं असं की कंपनी संस्थेच्या अधिकारपत्रावर गोळा करते, म्हणजे नोंदणीकृत संस्थाच गोळा करते असं ती म्हणेल. त्यामुळे तो रस्ता अरुंद आहे. मग उरली कोण? संस्था. म्हणजे ज्यांनी मला पाणी देऊन करार दाखवला त्या गुरुजींविरुद्ध तक्रार करायची आणि कंपनी मोकळी. हे मला मनापासून नको होतं.

त्याच काळात माझ्या मावसबहिणीशी बोलणं झालं. ती इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडे दारात कपड्यांच्या रिकाम्या पिशव्या टाकून जातात आणि त्या पिशवीवर छापलेलं असतं की ही पिशवी अमुक कंपनी गोळा करते आणि टनामागे अमुक पौंड अमुक संस्थेला देते. तिने फोटो पाठवला. मी तो कितीतरी वेळ पाहत बसले. मला हवं होतं ते एवढंच, तीन ओळी. तिथे घरोघरी गोळा करण्याबद्दलचा कायदा १९३९ चा आहे आणि तो पैशाइतकाच वस्तूंनाही लागू आहे. परवाना घ्यावा लागतो. १९९२ च्या धर्मादाय कायद्याने त्यात आणखी भर घातली: जो व्यापारी संस्थेचं नाव वापरून काही मिळवतो त्याचा संस्थेशी लेखी करार हवा आणि संस्थेला काय मिळणार हे त्याने लोकांना सांगायला हवं.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे, तीही वाचली. वॉशिंग्टन राज्याने २०१७ मध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानांची मोठी साखळी चालवणाऱ्या एका नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीवर खटला भरला. राज्याचा आक्षेप असा की जाहिरातींमुळे लोकांची समजूत होते की इथे खरेदी केली तर संस्थांना मदत मिळते. पाच वर्षांहून जास्त खटला चालला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. त्याआधी १९८८ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की देणगी मागणाऱ्या व्यावसायिकाला मागण्याआधी टक्केवारी सांगायला भाग पाडता येणार नाही. पण त्याच निकालात एक वाट ठेवली होती: त्याने सरकारकडे भरलेला हिशेब सरकारने स्वतः लोकांसमोर ठेवायला हरकत नाही.

या दोन्हींतून मी माझ्यापुरतं काय घेतलं? कंपनीने लोकांच्या मनात कोणती 'समजूत' करून दिली हे कोर्टात सिद्ध करायला गेलं की वर्षं जातात आणि हाती काही लागेलच असं नाही. त्यापेक्षा आकडा छापायला लावणं सोपं आहे. पिशवीवर आकडा असला की समजूत करून द्यायला जागाच उरत नाही. आणि आकडा नोंदवायची जागा आपल्याकडे तयार आहे. परिशिष्ट ९ आहेच. त्यात 'इतर' ऐवजी 'वस्तू संकलन, कंपनीमार्फत, एकूण वजन, दर' एवढी ओळ हवी. करार धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. मग कुणीही नक्कल काढून पाहील.

हे सगळं लिहून मी दोन अर्ज केले. एक नागपूरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात, एक मुंबईला विधी व न्याय विभागाकडे, कारण धर्मादाय संघटना त्या विभागाखाली येते. पहिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, दुसऱ्याची पोच टपालाने आली. त्यांचा पाठपुरावा मी करते आहे.

पण मधल्या काळात गाडी हलली ती एका कागदामुळे. मार्चमध्ये मी पुन्हा गुरुजींकडे गेले. म्हटलं, कंपनीने तुम्हाला महिन्याचे हिशेब दिले असतील, ऑक्टोबरचा दाखवा. त्यांनी फाइल काढली. आमच्या सोसायटीचं नाव होतं, तारीख तीच, वजन २४० किलो. माझ्या चलानावर ३१२. दोन्ही कागद शेजारी ठेवले.

७२ किलोंचा फरक. दीड रुपयाने १०८ रुपये. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं मुलांना हिशेब शिकवला हो." त्यांचा आवाज बसला होता. १०८ रुपयांसाठी नव्हता तो. त्यांना पहिल्यांदाच जाणवलं होतं की मला जसं सांगितलं नाही, तसं त्यांनाही सांगितलं नव्हतं. दीड रुपया संस्थेसाठी, तोही पूर्ण नाही.

कंपनीच्या सरांना त्यांनी बोलावलं. मी पण बसले. सर म्हणाले, ओला आणि खराब माल वजा करावा लागतो. मी विचारलं, करारात तसं कुठे आहे? आणि आमचा माल ओला कसा, आजींनी बटणं लावून दिला होता. सरांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. चूक सुधारून घेऊ म्हणाले, शिवाय दर वाढवू म्हणाले, दोन रुपये. गुरुजींनी तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी दराबद्दल एक शब्द न काढता करार पुढे केला आणि म्हणाले, "पिशवीवर छापाल का? तुम्ही विकता म्हणून?" सर म्हणाले, असं छापलं तर कोणी कपडे देणार नाही. गुरुजी म्हणाले, "मग न देऊ द्या." तिथे करार संपला.

पुढचे काही महिने वाईट गेले. शिवणवर्गाच्या बाईंचं मानधन थांबलं. दोन महिने त्या तशाच आल्या, तिसऱ्या महिन्यात आमच्या सोसायटीतून आणि माझ्या जुन्या कारखान्यातल्या मैत्रिणींकडून आम्ही पैसे जमवले, पावत्या फाडून. मला रोज अपराधी वाटायचं. खरं बोलायला लावलं तर संस्थेचं नुकसान होतं हे सरांचं म्हणणं त्या दिवसांत खरं ठरत होतं, आणि ज्यांना नियम हवेत त्यांनी हा खर्चही डोळ्यांसमोर ठेवायला हवा. नियम फक्त एका संस्थेने पाळला तर तीच मरते. सगळ्यांना सारखा लागू असेल तरच तो टिकतो. म्हणूनच तो कायद्यात हवा, गुरुजींच्या सज्जनपणावर सोडलेला नको.

ऑगस्टमध्ये दुसरी एक लहान फर्म तयार झाली, वाडीकडे गोडाऊन असलेली. त्या माणसाने आढेवेढे घेतले, पण तयार झाला. नवा करार मी आणि वकील मॅडमनी मिळून लिहिला. वजन दारातच, चलानाची एक प्रत देणाऱ्याला, एक थेट संस्थेला. वजावट करायची तर फोटोसह. हिशेब दर महिन्याच्या दहा तारखेला. किलोमागे चार रुपये. आणि पिशवीवर मराठीत, संस्थेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात: 'हे कपडे गरजूंना वाटले जात नाहीत. कंपनी ते विकते आणि किलोमागे ४ रुपये संस्थेला देते.' त्या अक्षरांच्या आकारावरून सर्वांत जास्त वाद झाला. फर्मचा मालक म्हणायचा, तळाला बारीक टाकू. मी म्हटलं, बारीक अक्षर वाचायला लोकांनी चष्मा शोधावा का? गुरुजींनी पट्टी आणून दोन्ही ओळींची उंची मोजली.

२०२४ च्या दिवाळीआधी मी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज टाकला. या वेळी पिशवीचा फोटो जोडला आणि मागच्या वर्षी काय झालं ते सगळं लिहिलं. पाठवायच्या आधी तासभर बसून राहिले. त्या बावीस घरांना मी चुकीचं सांगितलं होतं हे पहिल्यांदा जाहीरपणे लिहीत होते. खाली पहिला निरोप आजींचा आला, नातवाकडून टाइप करून घेतलेला: "बटणं आता लावू नये का?"

मी वर जाऊन त्यांना सांगितलं, लावा, बटण असलेल्या शर्टाला भाव बरा येतो.

एकोणीस घरांनी पिशव्या दिल्या. वजन झालं २०६ किलो. तळमजल्यावरच्या काकू पिशवीवरची ओळ दोनदा वाचून आत गेल्या, काकांच्या दोन शाली आणि एक कोट बाहेर काढून बाजूला ठेवला. "हे काटोलला दिराकडे पाठवते," म्हणाल्या, "बाकीचं जाऊ दे." मग स्वतः काट्याजवळ उभ्या राहिल्या आणि आकडा मोठ्याने वाचून मला लिहायला सांगितला.